पायी माथेरान : दोन मुक्काम, तीन फेऱ्या

माथेरानचा मोटाररस्ता जिथे संपतो त्या दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरलं की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "सात पॉइंट करणार की बारा?" माथेरानच्या नकाशावर अडतीसएक पॉइंटांची नावं आहेत. ती यादी हातात पडली की माणूस यादीच्या मागे धावायला लागतो. एका कड्यावर चार मिनिटं, फोटो, पुन्हा घोड्यावर आणि पुढचा कडा. संध्याकाळी आठवायला बसलं तर सगळ्या दऱ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पॉइंट मोजू नका, फेऱ्या ठरवा. दोन रात्री मुक्काम, तीन फेऱ्या आणि सगळं पायी. या डोंगरावर मोटारगाड्यांना बंदी आहे. मग ज्या गावात चालणं हाच मुख्य आनंद, तिथे तो आनंद तरी का टाळायचा?

आधी डोंगर समजून घ्या

माथेरान हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा असलेला डोंगर. उंची सुमारे ८०० मीटर. माथा बराचसा सपाट आणि दक्षिणोत्तर लांबट. चहूबाजूंनी कडे तुटलेले आहेत, आणि त्या कड्यांची जी नाकं दरीत पुढे आली आहेत त्यांनाच पॉइंट म्हणतात. एवढं डोक्यात बसलं की अर्धं नियोजन झालं. सूर्योदय पूर्वेच्या कड्यावरून बघायचा, सूर्यास्त पश्चिमेच्या. दोन्ही कडे दक्षिणेकडून एकमेकांना जोडलेले आहेत. उत्तरेची टोकं लांब आहेत, त्यांना वेगळा वेळ द्यायचा.

फोटो काढणाऱ्यांनी मात्र उलटा विचार करावा. पश्चिमेला समोर दिसणाऱ्या प्रबळगडाच्या कड्यावर ऊन थेट पडतं ते सकाळी. संध्याकाळी तो नुसता काळा आकार होतो. तोही सुंदरच दिसतो, पण कातळातल्या घड्या बघायच्या असतील तर सकाळच हवी.

खाली काळा कातळ आणि वर जांभ्याची टोपी, अशी या डोंगराची रचना आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. माथ्यावर एवढं गच्च रान टिकलं त्याला हा जांभा मोठा आधार आहे. वाटांवरची लाल मातीही त्याचीच. उन्हाळ्यात ती भुसभुशीत धूळ होते, पावसात घसरडा चिखल. त्यामुळे बुटांचा तळ खाचांचा असावा. गुळगुळीत तळाचे बूट इथे हमखास दगा देतात. आणि पांढरे कपडे घरीच ठेवा, तो लाल रंग धुऊन जात नाही.

नावांचा उलगडाही इथेच करून टाकतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढले आणि पुढे इथे इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण उभं राहिलं. म्हणून लुईझा, अलेक्झांडर, शार्लोट अशी नावं. पण धनगर, ठाकर आणि कातकरी या रानात त्याच्या कितीतरी आधीपासून वावरत होते. त्यांच्या पायवाटा होत्या, पाणवठे होते, देव होता. मॅलेटसाहेब चढले तेही त्याच वाटांनी.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चालण्यासाठी सर्वांत चांगला. त्यातही पावसाळा सरल्यावरचे पहिले तीन-चार आठवडे हवा धुतल्यासारखी असते आणि लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात. मे महिन्यात गर्दी आणि धूळ दोन्ही भरपूर, पण जांभळं आणि करवंदं तेव्हाच मिळतात. पावसाळ्याबद्दल पुढे वेगळं सांगतो. कोणत्याही महिन्यात जा, पण शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मधल्या वारी हाच डोंगर दुसरा वाटतो.

वर कसं पोचायचं

मुंबईहून कर्जतकडे जाणारी लोकल पकडून नेरळला उतरायचं. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी, दुसरंच स्टेशन नेरळ. तिथून वर जायला दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग छोट्या गाडीचा. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी हा रेल्वेमार्ग बांधून घेतला आणि १९०७ साली तो सुरू झाला. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट आणि मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत, वळणामागून वळण काढत गाडी अडीच-पावणेतीन तासांत वर पोचते. वेळ वाचवायचा असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. पण बरोबर लहान मूल असेल तर हा प्रवास करायलाच हवा. डब्यात जागा मोजक्या असतात, म्हणून गाडीच्या वेळेच्या बरंच आधी नेरळच्या तिकीटखिडकीशी उभं राहा. ती मिळाली नाही तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असू द्या. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा टप्पा बंद असतो. २००५ च्या जुलैमधल्या पावसाने या मार्गाची एवढी हानी केली होती की तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. त्यामुळे निघण्याआधी चालू वेळापत्रक बघून घेणं आवश्यक.

दुसरा मार्ग रस्त्याचा. नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी मिळते. घाट चांगला चढाचा आहे, अर्ध्या तासात ती दस्तुरी नाक्याला सोडते. स्वतःची गाडी आणलीत तर तीही इथेच ठेवायची, यापुढे ती जात नाही. ज्यांना नुकतंच वाहन चालवता यायला लागलंय त्यांनी हा घाट टॅक्सीवाल्यांवरच सोपवावा.

दस्तुरीचा अर्धा तास

सहलीची चव बिघडते ती बहुतेक इथेच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नगरपालिकेचा प्रवासी कर भरून पावती घ्या आणि ती परत येईपर्यंत जपून ठेवा. मग गर्दीतून बाजूला होऊन दोन मिनिटं शांत उभे राहा. गावाचा बाजार इथून अडीच-तीन किलोमीटरवर आहे. तिथवर पोचायचे मार्ग असे:

चालत: अमन लॉज स्टेशनवरून रुळांच्या कडेकडेने जाणारी वाट जवळजवळ सपाट आणि पूर्ण सावलीतली आहे. रमतगमत पाऊण-एक तास. पाठीवर एकच पिशवी असेल तर यासारखी वाट नाही. माथेरानमध्ये प्रवेश करावा तो असाच, झाडांच्या कमानीखालून. मागून गाडीची शिटी आली की बाजूला व्हायचं.

शटल गाडी: अमन लॉज ते माथेरान, वीसएक मिनिटं. अमन लॉज दस्तुरीपासून काही मिनिटांच्या चालीवर आहे. "गाडी बंद आहे" असं नाक्यावर कुणी सांगितलं तरी स्टेशनपर्यंत जाऊन खिडकीवर विचारा. मी एकदा ऐकून मागे फिरलो होतो, आणि पाच मिनिटांनी झाडीतून तीच शिटी ऐकली.

ई-रिक्षा: न्यायालयाच्या परवानगीने २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. संख्या थोडी असल्याने रांग मोठी लागते. ज्येष्ठांसाठी हा मार्ग चांगला. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. वर्षानुवर्षं ते ओझं ओढणाऱ्या माणसांच्या हाती आता ई-रिक्षा यावी असं मला मनापासून वाटतं.

घोडा: दर पाटीवर लिहिलेले असतात. आधी पाटी वाचा, मग बोला, आणि कुठून कुठपर्यंत, किती वेळ, हे निघण्याआधी स्पष्ट करून घ्या. लहान मुलासाठी हेल्मेट मागा, आणि घोडेवाल्याला लगाम हातात धरून चालायला सांगा. घोडा पळवायचा हट्ट करू नका. जांभ्याच्या वाटेवर घोडाही घसरतो.

सामान जड असेल तर हमाल करा. सामान त्याच्याबरोबर आणि तुम्ही मोकळ्या हातांनी चालत, ही जोडी सर्वांत सुखाची. हमालीचे पैसे मात्र घासाघीस न करता द्यावेत. ते ओझं डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर चालणं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याला परतीच्या दिवशी येतो.

मुक्काम बाजाराजवळ घ्या की रानातल्या एखाद्या जुन्या बंगल्यात, हे रात्रीच्या अंधाराची तुम्हाला कितपत सवय आहे त्यावर ठरवा. बाजारापासून लांब गेलं की दिवे विरळ होतात. टॉर्च प्रत्येकाकडे वेगळी हवी, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. रोख पैसेही खालूनच घेऊन या.

पहिली फेरी : पोचल्याच्या संध्याकाळी, पश्चिमेचा कडा

दुपारचं जेवण, थोडी विश्रांती आणि साडेतीनच्या सुमाराला बाहेर. बाजारातून शार्लोट लेककडे चालायला लागा, अर्धा तास पुरतो. गर्द झाडीतून वाट उतरते आणि एकदम पाणी समोर येतं. हा तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे. त्यात पाय बुडवू नका, काही टाकू नका, दुसऱ्या कुणी टाकत असेल तर सांगा. काठावरच पिसरनाथाचं मंदिर आहे. हेच माथेरानचं ग्रामदैवत. आजूबाजूच्या सगळ्या इंग्रजी नावांत हे एक नाव असं आहे जे इथल्या माणसांनी ठेवलं. तिथे दहा मिनिटं टेका.

तलावाच्या आसपास लॉर्ड आणि सेलिया पॉइंट आहेत. तिथून उत्तरेकडे निघालं की इको पॉइंट लागतो. समोरच्या कड्यावर आपटून आवाज परत येतो खरा, पण तिथे नेहमीच कुणी ना कुणी ओरडत असतं. गर्दी असेल तर थांबू नका, सरळ लुईझा गाठा.

लुईझा पॉइंटसाठी मात्र निदान तास राखून ठेवा. माझ्या मते या डोंगरावर एकच जागा बघायला मिळणार असेल तर ती ही. समोर खोल दरी आणि पलीकडे प्रबळगडाचा पसरट माथा. त्याच्याच शेजारी कलावंतिणीचा सुळका. दोन डोंगरांमध्ये पोकळी आहे आणि त्या पोकळीतून वारा वर येतो. घारी डोळ्यांच्या पातळीवर, कधीकधी त्याहून खालीही तरंगताना दिसतात. पक्ष्याची पाठ वरून बघायला मिळणं हे कड्यावरचंच भाग्य. इथे माकडं धीट झाली आहेत. पिशवीतला खाऊ बाहेर काढू नका, पाण्याची बाटलीही हातात लोंबकळत ठेवू नका.

सूर्यास्त इथूनच बघा. त्यासाठी पॉर्क्युपाइन पॉइंट जास्त प्रसिद्ध आहे, त्याला सनसेट पॉइंटच म्हणतात. पण तो लांब आहे आणि परतीची वाट रानातून, अंधारात कापावी लागते. पहिल्याच संध्याकाळी ती घाई नको. लुईझाहून बाजार अर्ध्या-पाऊण तासात येतो.

दुसरी फेरी : भल्या सकाळी, पूर्व आणि दक्षिण

ही मोठी फेरी आहे. आठ-नऊ किलोमीटर चाल, थांबत-बसत साडेचार ते पाच तास. आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा आणि काहीतरी पोटभरीचं बांधून घ्या, कारण सकाळी लवकर वाटेवरच्या टपऱ्या उघडलेल्या नसतात.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला वर येतो. सव्वासहाला निघालात तर अलेक्झांडर पॉइंटला वेळेवर पोचता. पूर्वेला खाली उल्हास नदीचं खोरं, कर्जतकडची गावं, आणि क्षितिजावर भीमाशंकरच्या बाजूची सह्याद्रीची रांग. थंडीत खोऱ्यात धुक्याचा थर साचतो आणि त्यातून टेकड्यांची फक्त डोकी वर दिसतात. सूर्य आला की तो थर आधी गुलाबी होतो, मग विरायला लागतो. वीसेक मिनिटांचा खेळ आहे, तेवढा वेळ मोबाइल खिशात राहिला तर उत्तम.

तिथून रामबाग पॉइंट, मग लिटल चौक, मग दक्षिण टोकावरचा चौक पॉइंट. ही सगळी वाट मला फार प्रिय आहे, ती पॉइंटांपेक्षा मधल्या रानासाठी. जांभूळ, अंजन, हिरडा यांची उंच झाडं, खाली सावली, आणि सकाळी पक्ष्यांची गजबज. शीळ घालणारा कस्तूर ऐकू आला तर तिथेच थबका. माणूस शीळ घालतोय असंच वाटतं. झाडाच्या शेंड्याकडे बघत चाललात तर शेकरूही दिसू शकतं. लांब झुपकेदार शेपटीची ही मोठी खार आपल्या राज्याचा प्राणी आहे. पण बघण्यासाठी थांबावं लागतं. चालता चालता एकाच वेळी वर बघणं इथे धोक्याचं आहे, कारण वाटेवर मुळं पसरलेली आहेत.

चौकच्या बाजूने खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं, आणि इर्शाळगडाचा सुळका. त्या गडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून गाडली गेली. सुळका ओळखून दाखवताना मी बरोबरच्यांना हेही सांगतो.

पुढे वन ट्री हिल. मुख्य डोंगरापासून एका खिंडीने तुटलेली ही टेकडी, माथ्यावर एकुलत्या झाडाचं नाव मिरवणारी. हिच्या बगलेतून जी घळ खाली उतरते तिला शिवाजीची शिडी म्हणतात, चौकच्या बाजूच्या वाड्यांतली माणसं ती वर्षानुवर्षं वापरत आली आहेत. तुम्ही वाटाड्याशिवाय तिच्यात शिरू नका. वरून बघूनच चढाची कल्पना येते. डोक्यावर ओझं घेऊन ही वाट चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे पाटीत करवंदं-जांभळं दिसली तर तिथेच विकत घ्या.

वन ट्री हिलवरून बेलव्हेडियर करत पुन्हा शार्लोट लेकशी आलात की फेरी पुरी होते. अकरा वाजलेले असतात. जेवून दुपारी झोपा. संध्याकाळी अंगात जोर असेल तर पॉर्क्युपाइन पॉइंट, नसेल तर बाजार.

बाजार छोटाच आहे. चिक्की, चामड्याच्या चपला, काठ्या. चप्पल घ्यायची तर दोन-तीन दुकानं फिरून, पायात घालून, चार पावलं चालून घ्या. गावात भाई कोतवालांचं स्मरण जपलेलं आहे. भाई म्हणजे विठ्ठलराव कोतवाल इथलेच, १९१२ चा जन्म. वकील झाले, गरिबांसाठी शाळा काढल्या, धान्यकोठी उभारली. १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता बांधून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर हुतात्मा झाले. या रानाची खडान्खडा माहिती असलेला माणूस. मुलं बरोबर असतील तर त्यांना ही गोष्ट इथेच, भाईंच्या गावात सांगा.

तिसरी फेरी : परतीच्या दिवशी, उत्तर

उत्तरेकडची टोकं दस्तुरीच्या बाजूला आहेत. ती आधी करून बाजारात परत येणं म्हणजे तीच वाट दुप्पट चालणं. म्हणून शेवटच्या सकाळी खोली सोडा, सामान हमालाबरोबर ठरल्या वेळी दस्तुरीला येईल अशी व्यवस्था करा, आणि तुम्ही मोकळे निघा.

इथे दोनांपैकी एक निवडा. पॅनोरमा पॉइंट बाजारापासून सुमारे दीड तासाच्या चालीवर, अगदी उत्तर टोकाला. दृश्य खरोखर चहूबाजूंचं आहे. पुढ्यात पेबचा किल्ला म्हणजे विकटगड, खाली नेरळ, आणि डोंगराच्या पायाशी वळसा घालणारे छोट्या गाडीचे रूळ. गाडीच्या वेळा माहीत असतील तर ती वरून बघण्याची मजा काही औरच. वाटेत काही ठिकाणी कडा अगदी शेजारी येतो, तिथे मुलांचा हात सोडू नका.

गार्बट पॉइंट दुसरा. पूर्वेला लांबवर गेलेली ही सोंड. इथे झाडी कमी, गवत जास्त, म्हणून उन्हाच्या आधी उरकायचं. खाली पाली-भूतिवली धरणाचं पाणी दिसतं. वर्दळ कमी असल्याने मी बहुतेक वेळा गार्बटच निवडतो. पण बरोबरचे पहिल्यांदाच आले असतील तर त्यांना पॅनोरमा दाखवा.

पावसाळ्यात जाणार असाल तर

दऱ्या दिसतील ही आशा सोडून जा. धुक्यात चार पावलांवरचं झाड दिसत नाही, आणि त्यातच सगळी शोभा आहे. झाडांच्या खोडांवर शेवाळ चढतं, शार्लोट लेक भरून वाहतो. पण कड्याच्या टोकावर जाणं वर्ज्य. जिथे रेलिंग संपतं तिथे आपलं पाऊलही संपलं पाहिजे. जांभ्याची कड खालून पोखरलेली असू शकते आणि वरून ते कळत नाही. वन ट्री हिल, गार्बट आणि शिडीची वाट या काळात पूर्ण सोडून द्या. पिशवीतले कपडे प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सुक्या मोज्यांचे दोन जोड जास्त घ्या, आणि नेरळहून निघण्याआधी घाटरस्ता उघडा आहे ना हे टॅक्सीवाल्यांना विचारा.

खाली उतरताना

रविवारी दुपारी चारनंतर दस्तुरीला टॅक्सीसाठी मोठी रांग लागते. तीनच्या आत पोचलात तर सुटलात. वर जाताना छोटी गाडी हुकली असेल तर उतरताना तिचा प्रयत्न जरूर करा. मात्र त्यासाठी सकाळची तिसरी फेरी लहान करावी लागेल, कारण ती माथेरान स्टेशनवरून पकडायची, म्हणजे बाजाराकडेच राहायचं. दिवसा उतरणारी गाडी मिळाली तर अमन लॉज सोडल्यावर रुळांशेजारचा कड्यावरचा गणपती बघायला विसरू नका, गाडी त्याच्या समोरून हळूच जाते. आणि दोन दिवसांतला सगळा प्लास्टिक कचरा पिशवीत बांधून नेरळपर्यंत घेऊन या. वर टाकलेली प्रत्येक गोष्ट उचलून खाली आणायला तिथे कुणाच्या तरी पाठीचाच उपयोग होतो.